‘त्यात काही नाही’ म्हणून पस्तीत (रद्दीत) घालण्याआधी

प्रति,
बडोद्यातली जुनी घरं रिकामी करणारी सर्व मराठी कुटुंबं
आणि शहरातल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत एका ओळखीच्या घरी चहाला गेले होते. त्या घरातला तो शेवटचा चहा. वाडा पाडायचा ठरला होता, पलंग-कपाटं नव्या फ्लॅटवर पोहोचली होती, देव्हारा तेवढा भिंतीत राहिला होता. ओट्यावर पस्तीवाला तराजू लावून बसला होता. वर्तमानपत्रं झाली, दिवाळी अंक झाले, मुलांच्या शाळेची पुस्तकं झाली, आणि मग माळ्यावरून एक गोणी खाली आली. आत वह्या होत्या. मी हात घातला तशी घरची सून म्हणाली, “काकू, त्यात काही नाही. सासूबाईंच्या सासूबाईंचे हिशोब आहेत नुसते. दूध, भाजी, धुणंवाली.”

गोणी अकरा किलो भरली. घरच्यांना विचारून पस्तीवाल्याचे पैसे मी दिले आणि गोणी रिक्षात घालून घरी आणली. त्या सुनेचा मला राग नाही. तिच्या जागी मी असते तर पंधरा वर्षांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. पण तेव्हापासून ‘त्यात काही नाही’ हे शब्द डोक्यातून जात नाहीत, आणि गेल्या दोन वर्षांत आपल्या पोळांतून, गल्ल्यांतून किती गोण्या अशा गेल्या असतील ह्या विचारानं झोप लागत नाही. म्हणून हे पत्र.

त्या वह्यांत काय आहे ते सांगते. एकूण २३ वह्या, १९३८ ते १९७१. लिहिणारी बाई कोठी कचेरीतल्या, म्हणजे बडोदे राज्याच्या कचेरीतल्या, एका कारकुनाची बायको. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शाईनं लिहिलं आहे : “चौथी पास, नवसारी.” पुढचं पान मी बराच वेळ उलटलं नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सगळ्या राज्याला लावला. मुलींनाही लावला. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं, सनासकट पाठ करून घेतलं. पण तो कायदा एखाद्या घरात शिरला म्हणजे काय झालं, हे मला त्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा दिसलं. नवसारीच्या शाळेत एक मुलगी चौथीपर्यंत बसली, म्हणून लग्न होऊन बडोद्याला आल्यावर तिला दुधाचा हिशोब कुणाकडून लिहून घ्यावा लागला नाही. आत काय लिहिलंय हा नंतरचा प्रश्न. वही तिच्या हातची आहे, इथेच इतिहास सुरू झाला होता.

आता आतलं. ६ फेब्रुवारी १९३९, सोमवार. महाराज त्या दिवशी मुंबईत वारले. त्या दिवसाच्या पानावर दूध आणि सरपण एवढंच आहे. बातमी दुसऱ्या दिवशीच्या पानावर येते : “महाराज गेले. बाजार बंद. घरात बटाटे होते. ह्यांना रात्री फार उशीर.” शहर शोकात बुडालं असं आपण पुस्तकात वाचतो. ते शहर त्या रात्री काय जेवलं, हे ह्या बाईनं लिहून ठेवलं. पुढचे तेरा दिवस वहीत साखरेची खरेदी नाही. चौदाव्या दिवशी पाव शेर साखर आहे. एका कारकुनाच्या घरानं राजाचं सुतक असं पाळलं, आणि कुठल्या वर्तमानपत्रात हे येणार होतं?

१ मे १९४९, रविवार. बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झालं तो दिवस. “कैऱ्या ५ शेर, मोहरी पाव शेर, हिंग. लोणचे घातले. राज्य आजपासून मुंबईत. ह्यांना विचारले, पगार कोण देणार. म्हणाले, कळेल.” मी ही ओळ मोठ्यानं वाचली आणि माझे ऐंशीच्या घरातले मोठे दीर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांचे वडीलही राज्याच्या नोकरीत होते. “आमच्याकडे हाच प्रश्न होता,” ते म्हणाले, “आणि ‘कळेल’ हेच उत्तर होतं.” विलीनीकरणाचे करार, सालीना तनखे, सगळं छापलेलं आहे. पण हजारो कचेरीवाल्यांच्या घरांत त्या दिवशी जो एक प्रश्न स्वयंपाकघरातून माजघरात आला, तो ह्या कैऱ्यांच्या हिशोबाखाली मिळाला.

मग १ मे १९६०. योगायोगानं तोही रविवार. “आजपासून गुजरात. शेजारून लापशीची वाटी आली. वाटी रिकामी पाठवू नये म्हणून चार लाडू घातले.” आणि तीन दिवसांनी : “भावाचे पत्र. पुण्यास पेढे वाटले म्हणतो.”

ही बाई ओट्यावरून हलली नाही आणि तिची तीन राज्यं झाली : बडोदे, मुंबई, गुजरात. तिचा भाऊ तिकडे महाराष्ट्र झाला म्हणून पेढे वाटतो आहे, शेजारीण इकडे गुजरात झालं म्हणून लापशी पाठवते आहे, आणि मधे ही, हातात वाटी घेऊन. तिनं काय केलं? लाडू घातले. आपण बडोद्याचे मराठी लोक कोण, पाहुणे की घरचे, ह्यावर आपल्या मंडळांतून कितीतरी भाषणं झाली आहेत; मीही दोन केली आहेत. त्या वाटीइतकं नेमकं त्यात काहीच नव्हतं.

अजून एक सांगते आणि मग मुद्द्यावर येते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात आणि पाव पैशाचं नाणं नसतं. कोष्टक होतं : एक आणा म्हणजे सहा, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. वहीत त्या महिन्यात रोज दोन रकाने आहेत, एकात आणे, एकात पैसे, आणि समासात : “कोथिंबीर तीन आण्यांची एकदम घेतली तर भाजीवालीचा फायदा, एकेक आण्याची तीनदा घेतली तर माझा.” चौथी पास बाईनं सरकारी कोष्टकातली फट शोधून काढली होती. १९६१ मध्ये साखरेपुढे ‘शेर’ जाऊन ‘किलो’ येतो. त्याच सुमाराला वांग्यांच्या जागी कधीमधी ‘रींगणां’ येतात. तो शब्द तिनं मुलाच्या शाळेतून घेतला, बाजारातून की त्याच शेजारणीकडून, कोण जाणे. पण वांगं कोणत्या महिन्यात रींगण झालं, हे माझ्यासमोर तारखेनिशी आहे. आपल्या बडोदी मराठीबद्दल ज्यांना कळकळ आहे त्यांना हे पान मी हातात देईन.

तुम्ही म्हणाल, ही एका घराची हकीकत. खऱ्या इतिहासाशी त्याचा काय संबंध? तर मग खरा इतिहास कशातून आला ते पाहू.

जेधे शकावली तुम्ही ऐकून असाल. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेलं ते टिपण. अमुक शके, अमुक महिना, अमुक तिथी, काय घडलं, संपलं. शैली नाही, अलंकार नाहीत. ते टिपण लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलं आणि त्यात शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी निघाली : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. आज महाराष्ट्र सरकार १९ फेब्रुवारीला जयंती करतं त्याच्या मुळाशी एका घरातली ही नोंद आहे. मधल्या दोनशेहून अधिक वर्षांत त्या घराण्यातल्या एखाद्यानं ‘त्यात काही नाही, नुसत्या तारखा आहेत’ म्हटलं असतं तर?

आणि पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद. तिथल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, तहनामे आहेत, मोहिमांची पत्रं आहेत, पण त्यांच्याबरोबर आहेत रोजकिर्दी. रोज किती आलं, किती गेलं. कुणाला लुगडं दिलं, कुठल्या देवाला तेल घातलं, बैलाला वैरण किती लागली. त्या वेळच्या माणसाचं खाणं, मजुरी, सणवार आपल्याला ज्या थोड्या खात्रीनं सांगता येतात, त्यात ह्या रोजकिर्दींचा वाटा मोठा आहे. लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहितोय असं वाटलं असेल? त्याला संध्याकाळी जमाखर्च जुळवायचा होता.

ते दप्तर निवडून १९३० ते १९३४ ह्या काळात पंचेचाळीस खंडांत छापलं गेलं, त्याचे संपादक गोविंद सखाराम सरदेसाई. आपले बडोद्याचे. १८८९ साली ते महाराजांच्या नोकरीत आले, महाराजांना वाचून दाखवायला आणि पुढे राजपुत्रांना शिकवायला. त्या शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून त्यांची ‘रियासत’ ही इतिहासग्रंथांची मालिका उभी राहिली. १९२५ पर्यंत ते ह्या नोकरीत होते. ते ज्या रस्त्यांवरून नोकरीला गेले, त्या रस्त्यांवरून आपण रोज स्कूटर नेतो. जुना कागद ओळखायची नजर ज्या शहरात तयार झाली, त्या शहरात आज वह्या तराजूत जाव्यात, हे मला सहन होत नाही.

प्रत्येक वही सोन्याची असते असं मी म्हणत नाही. माझ्याकडच्या तेवीसपैकी निम्म्या पानांवर दुधाशिवाय काही नाही, आणि ती पानं मी भराभर उलटली. पण कोणतं पान रिकामं आणि कोणतं भरलेलं, हे ठरवायला आपण फार जवळ उभे आहोत. कैऱ्यांचं पान तिला स्वतःला काय वाटलं असेल? लोणच्याचं पान.

कागदच हवा असंही नाही. सयाजीगंजातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरात जिन्याजवळच्या भिंतीवर तिच्या काकांनी विश्वामित्रीच्या पुराच्या खुणा केल्या होत्या. पेन्सिलीची आडवी रेघ आणि बाजूला साल : २००५, २०१४, २०१९. काका गेले, पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमाराला पाणी चढलं तेव्हा तिच्या मुलानं पाणी ओसरल्यावर चौथी रेघ मारली. फतेगंज, समा, अकोटा, सगळीकडे माणसं गच्चीवर बसली होती, मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, आणि हा मुलगा चिखलात उभा राहून पट्टीनं उंची मोजत होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं. दिवाळीला घराला रंग काढला आणि रंगाऱ्यानं चारही रेघा पुसून टाकल्या. फोटो कुणी काढला नव्हता. वीस वर्षांत नदी ह्या एका भिंतीशी किती वर आली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

एक अडचण मला खरी वाटते, ती लपवत नाही. वह्यांत घरची लाज असते. माझ्याकडच्या एका वहीत गहाण टाकलेल्या बांगड्यांची नोंद आहे, सावकाराच्या नावासकट. एका ठिकाणी दिराच्या व्यसनाबद्दल दोन ओळी आहेत. ते वाचून नातवंडांना वाईट वाटेल, हे खरं आहे. म्हणून ती दोन पानं मी ह्या पत्रात उतरवली नाहीत, नावं सांगितली नाहीत, आणि घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणाला दाखवणारही नाही. पण त्याला उपाय आहे. पाकिटात घाला, वर लिहा ‘तीस वर्षं उघडू नये’, आणि वही ठेवा. फाडू नका. बांगड्या गहाण पडल्या तो महिना आणि धान्य महागलं तो महिना एकच आहे. पान फाडलं की बांगड्यांचं कारणही गेलं.

जपायचं कसं, ते थोडक्यात. वह्या ज्या क्रमानं सापडल्या त्याच क्रमानं ठेवा, आत खोचलेलं रेशनचं कार्ड, लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी त्याच पानात राहू द्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. काही लिहायचं तर शिसपेन्सिलीनं. कसर लागली असेल तर वही उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. जुने लोक दप्तर सुती खारव्यात बांधून ठेवत. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा ते आजही बरं. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटो काढला म्हणून वही टाकू नका.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती वेगळी आहे. आपण जयंत्या करतो, व्याख्यानं ठेवतो, गणपतीत नाटकं बसवतो, ते सगळं मला प्रिय आहे. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलनं ह्या शहरानं भरवली. महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांत फिरवल्या. त्याच शहरात घरगुती कागदांसाठी मराठी मंडळांनी एक लोखंडी कपाट द्यावं, एवढंच मागते. कपाट, कुलूप, एक नोंदवही, आणि आठवड्यातून एक तास बसणारं माणूस. मोडी वाचणारी चार माणसं शहरात अजून आहेत. त्यांच्याजवळ दोन कॉलेजची मुलं बसवा. सरकारी अभिलेखागारात राज्याचे कागद सांभाळले जातात. घरांचे कागद सांभाळायला कुणीच नाही, आणि घरं पडण्याचा वेग तुम्ही पाहताच आहात.

आणि वाडा नसलेल्यांना, माळा नसलेल्यांना, फ्लॅटमध्येच जन्मलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगते, आजची वही सुरू करा. मी तुम्हाला सनावळ्या पाठ करायला लावल्या, पण घरची एक वही घेऊन या असं कधी सांगितलं नाही. ते आता सांगते. मोठे विचार लिहू नका. नळाला पाणी किती वाजता आलं, किती वेळ होतं; आजवा तलावाचं की मही नदीचं ते कळत असेल तर तेही. शेवउसळीची प्लेट कितीला मिळाली. आजीशी कोणत्या भाषेत बोललात आणि मुलाशी कोणत्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण कशावरून झालं. कोण गाव सोडून कॅनडाला गेलं आणि जाताना घरातलं काय कुणाला देऊन गेलं. तारीख आणि वार घाला. मी २०१९ च्या ३१ जुलैपासून लिहिते आहे, ज्या दिवशी आपल्याकडे एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. त्या दिवशी माझ्या वहीत आहे : “दूध नाही. वरच्या मजल्यावरच्या बेननी दुधाची पावडर दिली. मी तिला मेणबत्त्या दिल्या.” लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. लापशीच्या वाटीचं पान वाचलं तेव्हा हे पान पुन्हा काढून पाहिलं.

शेवटी एक काम आहे.

त्या गोणीत १९४१ ची वही आहे आणि १९४३ ची आहे. १९४२ ची नाही. त्या वर्षी ‘चले जाव’ चळवळीत १८ ऑगस्टला बडोद्याहून निघालेल्या तरुण विद्यार्थ्यांवर अडास स्टेशनवर गोळीबार झाला आणि त्यातले काही परत आले नाहीत. १९४३ च्या वहीत, श्रावणात, एका ओळीत आहे : “समोरच्यांच्या मुलाचे वर्षश्राद्ध. त्यांच्याकडे सकाळीच गेले.” समोरचे कोण, त्यांचा मुलगा कशानं गेला, ह्याबद्दल पुढे अक्षर नाही. तिनं आधीच्या वर्षी लिहून ठेवलं असणार. पुन्हा लिहायची तिला गरज वाटली नसणार.

घरच्यांना एवढंच आठवतं की दहाएक वर्षांपूर्वी गल्लीत कुणीतरी शाळेच्या प्रदर्शनासाठी एक जुनी वही मागून नेली होती. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, खालचा उजवा कोपरा चुलीशी भाजलेला, कारण आधीच्या आणि नंतरच्या वहीचा तो कोपरा तसाच आहे. आत बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि खाली दुधाचा रतीब. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पोटमाळ्यावर, कुठल्या मंडळाच्या खोलीत असेल तर आणून देण्याची तसदी घेऊ नका, पोस्टानं तर नकोच. आपल्या मंडळात नुसता निरोप ठेवा. मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
इतिहास शिकवलेली एक निवृत्त शिक्षिका
बडोदे